नव्वद सेकंद

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमाराला वल्लरीनं आपल्याच यंत्राची वायर भिंतीतून उपटली, मनात तीनपर्यंत मोजलं आणि परत खोचली. तोवर तिला कसलीही भीती नव्हती. जेवायला राजमा आहे की छोले, एवढाच विचार डोक्यात होता. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढच्या दहा मिनिटांत तिच्या तोंडचं पाणी पळालं ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परतलं नाही.

सेक्टर सतरामधल्या एका हॉटेलचा तळघरातला हॉल होता तो. एरवी तिथं लग्नं लागतात. परवाच्या लग्नाचे सोनेरी बो अजून खुर्च्यांच्या पाठीवर होते, आणि वर झुंबरं. त्या झुंबरांखाली सहा कंपन्यांनी आपापली यंत्रं टेबलांवर मांडली होती. काहींचे साधे संगणक, काहींचे फाइल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली एका जागी सांभाळणारी कपाटं. वर्षातून एकदा ही मंडळी जमतात आणि एकमेकांची यंत्रं एकमेकांना जोडून बघतात. तुझ्या संगणकावरून माझ्या कपाटातली फाइल उघडते का, लिहिली जाते का, दोघांनी एकदम लिहायला घेतली तर काय होतं. पत्रिका जुळवण्याचाच प्रकार. हॉल त्यासाठी बरोबर निवडला होता म्हणायचा.

हॉलचे नियम कडक होते. फोन दाराशी पिशवीत ठेवायचे. कुणाचं काय बिघडलं ते बाहेर बोलायचं नाही. प्रत्येक चाचणी झाली की तक्त्यावर हिरवी किंवा लाल खूण करायची, आणि लाल असेल तर चूक कुणाच्या बाजूची, ते लिहून दोघांनी सही करायची. स्पर्धकांनी एकमेकांसमोर उघडं पडायचं तर एवढा आडोसा लागतोच.

वल्लरी सांगलीची. उत्तरेतल्या या शहरातल्या आयटी पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत ती तीन वर्षं काम करत होती. कंपनी फाइल सर्व्हर बनवायची आणि वल्लरी ते तपासायची. तिची सही झाल्याशिवाय यंत्र बाहेर पडत नसे आणि त्याचा तिला अभिमान होता. थोडा जास्तच होता म्हणा.

त्या दुपारी तिच्या सर्व्हरला दोन कंपन्यांचे संगणक जोडले होते. एक झटपट कामाचा. दुसरा गुरनूर सिंगांच्या कंपनीचा. गुरनूर सिंग लुधियान्याचे, पंचावन्नच्या पुढचे, नाकाच्या टोकावर चष्मा, बोलणं तूप घातल्यासारखं. चाचणी किल्लीची होती.

किल्ली म्हणजे काय ते सोपं आहे. खिळ्याला एकच किल्ली टांगली आहे असं समजा. ज्याच्या हातात किल्ली, त्यानं वहीत लिहायचं, बाकीच्यांनी थांबायचं. आता कुणाकडे किल्ली आहे हे लक्षात ठेवणारा सर्व्हरच वीज जाऊन बंद पडला, तर उठल्यावर त्याला काही आठवत नाही. म्हणून तो उठल्याउठल्या हाक मारतो, किल्ली कुणाकडे होती? आणि नव्वद सेकंद थांबतो. तेवढ्या वेळात कुणालाही नवी किल्ली देत नाही. काही कंपन्यांचे संगणक लगेच हात वर करतात, काही वीस-पंचवीस सेकंद लावतात, पण नव्वदात सगळे येतात. पुष्कळ डोकी खाजवून ठरलेला आकडा आहे तो.

किल्ली गुरनूर सिंगांच्या संगणकाकडे होती आणि तो फाइलमध्ये एकापाठोपाठ नुसते एकाचे आकडे लिहीत होता. वायर काढली, लावली. सर्व्हर उठला. आणि सहाव्या सेकंदाला तो झटपट संगणक किल्ली घेऊन दोनाचे आकडे लिहायला लागला.

"ओ जी," गुरनूर सिंग चष्मा वर करून म्हणाले, "ये तो दो चाबियाँ हो गईं."

फाइल उघडली. वरच्या अर्ध्यात एक, खालच्या अर्ध्यात दोन. आणि कुठंही चुकीची सूचना नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. दोन्ही संगणकांना वाटत होतं, आपलं काम चोख झालं.

वल्लरीनं सर्व्हरची सेटिंग उघडली. वाट बघण्याच्या वेळेपुढं आकडा होता पाच.

तो पाच तिनंच लिहिला होता.

गेल्या जुलैत. तेव्हा तिला अकराशे चाचण्या संपवायच्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक चाचणीत सर्व्हर बंद करून चालू करायचा होता. दर वेळी नव्वद सेकंद पडद्याकडे बघत कोण बसणार? या धंद्यातले सगळे करतात तेच तिनं केलं. नव्वदाचे पाच केले आणि मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी डकवली, "९० परत". चिठ्ठी तीन महिने तिथं होती. दिवाळीआधी ऑफिसला रंग दिला, मॉनिटर पुसले, चिठ्ठी गेली. तीच सेटिंग उचलून नोव्हेंबरात नव्या यंत्रात भरली गेली. आणि चाचण्या तर सगळ्या हिरव्या होत्या, कारण ऑफिसातले तिन्ही कंपन्यांचे संगणक चपळ होते. चौथा, गुरनूर सिंगांच्या कंपनीचा, मागवला होता पण वेळेवर आलाच नाही. त्या रकान्यात तिनं लिहून टाकलं होतं, "तिसऱ्याप्रमाणेच". खाली सही.

नोव्हेंबरात ते यंत्र कुठं बसलं होतं, हे तिला आठवावं लागलं नाही. शेजारच्या पंचकुल्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात. आणि त्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर, तेरा नंबरच्या खाटेवर श्यामकांतकाका होते.

श्यामकांतकाका अमरावतीचे, इथल्या युनिव्हर्सिटीत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. वल्लरी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची, म्हणजे नावाला भाड्यानं. सरोजकाकू तिला रात्रीचं जेवण वर पाठवत आणि चपात्या किती खाल्ल्या ते दुसऱ्या दिवशी विचारत. इथं आल्यापासून या दोघांशिवाय तिचं मराठी बोलणं कुणाशी होत नव्हतं. दहा दिवसांपूर्वी काकांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती, रोज संध्याकाळी सहाला. ही गोळी फार नाजूक. कमी पडली तर गाठ वाढते, जास्त झाली तर रक्त थांबायचं नाव घेत नाही. म्हणून प्रत्येक खाटेपुढं किती गोळी ते डॉक्टर ठरवतात आणि ते हॉस्पिटलच्या एका फाइलमध्ये लिहिलं जातं. ती फाइल नर्सांच्या संगणकावरही उघडते आणि खाली औषधांच्या खोलीतल्या संगणकावरही. औषधांच्या खोलीतला संगणक गुरनूर सिंगांच्या कंपनीचा होता. वल्लरीनं स्वतःच तो जोडून दिला होता.

आणि शनिवारी दुपारी ती डबा घेऊन काकांजवळ बसली असताना दिवे गेले होते. दोन सेकंद गेले आणि आले. सर्व्हरच्या बॅटरीचं काम राहिलंय, हे तिला ठाऊक होतं. समोर नर्सांच्या टेबलावरचा पडदा काळा झाला आणि लगेच उजळला, तेव्हा ती काकांना म्हणाली होती, "बघितलंत? वीज गेली तरी पाच सेकंदांत परत. आमचं यंत्र आहे. मीच तपासलंय."

पाच सेकंदांत. नव्वद लागायला हवे होते आणि ती फुशारकी मारत होती. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"मैडम जी?" गुरनूर सिंग तिच्याकडे बघत होते. "पानी मँगवाऊँ?"

"नहीं, ठीक हूँ."

त्यांनी तक्ता पुढं ओढला. "देखो जी, गलती हमारी है. हमारी मशीन जवाब देने में ढीली है, सबको पता है. लाल मेरे खाने में डाल दो." आणि त्या भल्या माणसानं स्वतःच्या रकान्यात लाल खूण केली, खाली सही केली आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

एक सही. ती केली की चूक त्यांची. उद्या कुणी विचारलं तर कागद होता: सर्व्हर ठीक, दुसऱ्याचा संगणक मंद. खोटं कशाला सांगायचं, वल्लरीनं पेनाचं टोपण काढलं होतं. सहीचा पहिला वळसा काढायला बोट वळलंही होतं. मग तिला शनिवारचा तो उजळलेला पडदा दिसला, आणि शनिवारनंतर रविवार आणि सोमवार, अशा तीन संध्याकाळी येऊन गेल्यात, हे ध्यानात आलं. तिनं टोपण परत लावलं.

"अभी आई," ती म्हणाली आणि जवळजवळ पळतच दाराशी गेली.

पिशवीतून फोन काढून तिनं सरोजकाकूंना लावला. काकूंनी चौथ्या रिंगला उचलला.

"काकू, काका कसे आहेत?"

"आहेत ना, बसले आहेत. पण सकाळी दात घासता घासता हिरडीतून रक्त आलं पोरी, ते थांबूनच नाही राहिलं. कापूस धरून बसले आहेत. डॉक्टरनं रक्त नेलं तपासायले."

वल्लरीनं पायरीचा कठडा धरला. "काकू, नीट ऐका. संध्याकाळची गोळी काकांना घेऊ देऊ नका. कुणीही दिली तरी नाही."

"काऊन? काय झालं?"

काय झालं ते तिला फोनवर सांगता आलं नाही. "मी येतेय," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला आणि रिक्षाला हात केला.

जानेवारी होता. दुपारचा एक वाजला तरी ऊन नव्हतं, धुकं झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं होतं आणि रिक्षात थंडी सरळ बरगड्यांत शिरत होती. मध्य मार्गावरच्या प्रत्येक चौकात सिग्नल लाल. तिनं परीक्षित सरांना फोन लावला. कंपनी त्यांची. मूळचे नाशिकचे, आज दिल्लीत होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"पक्कं आहे का हे?" ते म्हणाले.

"सर, तिथं जाऊन फाइल बघितल्याशिवाय कसं सांगू? पण गोळ्या आधी थांबवायला हव्यात. सगळ्यांच्या."

"एक मिनिट. घाई नको. तू तिथं जा, पाचाचे नव्वद कर, मेंटेनन्सला आले होते म्हण आणि परत ये. फाइल वगैरे उघडायची नाही. कुणाशी काही बोलायचं नाही. बाकीचं मी बघतो."

"आणि ज्यांनी चुकीच्या गोळ्या घेतल्यात?"

"घेतल्यात हे तुला कुठं माहीत आहे, यार?" मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि वल्लरी, त्या रिपोर्टवर सही तुझी आहे. माझी नाही. एवढं लक्षात ठेव."

फोन बंद झाला. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाल्लं तिनंच होतं, पण खवखव सगळ्यांना सुटायला लागली होती. हाउसिंग बोर्डच्या चौकात रिक्षा थांबली तेव्हा तिच्या मनात भलभलतं यायला लागलं. काकांच्या मेंदूत रक्त उतरलं तर? रक्त पातळ झालेल्या म्हाताऱ्यांना असं होतं, हे तिनं दहा दिवसांपूर्वी स्वतःच फोनवर वाचलं होतं. पोलीस येतील का? सांगलीला आईला कोण सांगेल? आणि काकांच्या शेजारच्या खाटा? चौदा नंबरला रोपडचा एक ट्रक ड्रायव्हर होता, मोठ्यानं हसणारा, परवा त्यानं तिला पिन्नी, त्यांच्याकडचा पिठाचा लाडू, खायला दिली होती. त्याला काय गेलं असेल? अशी किती माणसं? तिला स्वतःसाठी भीती वाटत होती याचीही लाज वाटत होती, आणि लाजेनं भीती काही कमी होत नव्हती.

"भाईसाब, थोडा तेज," ती म्हणाली.

"बत्ती लाल है जी," रिक्षावाला म्हणाला. ते खरंच होतं.

तिसऱ्या मजल्यावर काका उशीला टेकून बसले होते. एका हातात कापूस. दुसऱ्या हाताच्या दंडावर वांग्याच्या रंगाचा मोठा डाग. तिला बघून ते हसले, आणि दातांच्या कडांना रक्त दिसलं.

"ये पोरी. तपासणी सोडून आली?"

वल्लरी स्टुलावर बसली. "काका, संध्याकाळी गोळ्या किती देतात?"

"आधी एक होती, लहान. शनिवारपासून दोन. त्या बी मोठ्या."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. सिस्टरले म्हटलं, एकाच्या दोन काऊन झाल्या? ती म्हणे, कॉम्प्युटरमध्ये दोनच आहेत अंकलजी. मग मी घेतल्या."

"अहो, पण का घेतल्या?" वल्लरी जवळजवळ ओरडली. दोन-तीन खाटांवरून माना वळल्या. "सगळा जन्म आकडे तपासण्यात गेला तुमचा! पोरांचे पेपर तीन-तीनदा बघायचात म्हणता, आणि इथं..."

काका जरा गोंधळले. "कॉम्प्युटर तुमच्या कंपनीचा ना? तूच म्हणाली होती, मी तपासला. मग मी आणखी काय तपासू?"

"मी तर म्हटलं होतं, डॉक्टरले विचारा," काकू मागून म्हणाल्या. "तर हे मलेच म्हणे, वल्लरीवर विश्वास नाही का तुझा?"

वल्लरीला रडू आलं नाही. रडायला आधी श्वास लागतो आणि तो छातीतच अडकला होता. ती उठली आणि नर्सांच्या टेबलाकडे चालत गेली. बारा-पंधरा पावलांचं अंतर असेल. त्या बारा-पंधरा पावलांत तिला परीक्षित सरांचं म्हणणं दोनदा आठवलं. मेंटेनन्स. आकडा बदलायला एक मिनिट पुरेसं होतं, कुणी मान वर करूनही बघितलं नसतं. तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं.

"सिस्टर," ती म्हणाली, "गोळ्यांची फाइल दाखवता का? आणि शनिवारी डॉक्टरांनी हातानं लिहिलेला कागदही." घाबरून ती मराठीतच बोलत होती. किरण सिस्टरनं "जी?" म्हटल्यावर तिनं तेच हिंदीत सांगितलं.

फाइल उघडली. डॉक्टरांचा कागद शेजारी ठेवला. बारा नंबरच्या खाटेपर्यंत सगळं जुळत होतं. तेरापासून घसरगुंडी. कागदावर तेरापुढं दोन मिलिग्रॅम, म्हणजे एक लहान गोळी, आणि चौदापुढं दहा; पडद्यावर तेरापुढं दहा, म्हणजे पाच-पाचच्या दोन मोठ्या. काकांना तीन संध्याकाळी दोनाऐवजी दहा गेले होते, आणि दहाची गरज असलेल्या ड्रायव्हरला त्याच्या पुढच्याचे तीन. वीस नंबरपर्यंत प्रत्येकाला शेजाऱ्याचं औषध. वरचा भाग एका संगणकानं लिहिला होता, खालचा दुसऱ्यानं, एक ओळ घसरवून, आणि दोघांनाही वाटत होतं, आपलं काम चोख झालं.

"सिस्टर," वल्लरी म्हणाली, "तेरह से बीस तक किसी को शाम की गोली मत दीजिए. फाइल गलत है. शनिवार से गलत है. गलती मेरी है."

त्यानंतरचा तासभर धावपळीत गेला. डॉ. जसलीन आल्या. वयानं वल्लरीएवढ्याच, पण त्या तासात त्या कुणाची मोठी बहीण रागावावी तशा रागावल्या. "आपको पता भी है आप क्या कह रही हैं?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि वल्लरीनं दोन्हीदा "जी" म्हटलं. आठ जणांचं रक्त घेतलं गेलं. तेवढ्यात प्रयोगशाळेतून काकांचं रक्त किती पातळ झालंय त्याचा सकाळचा आकडा आला. दोन ते तीन असायला हवा होता. आठ होता. सिस्टर सुई आणायला धावली. रक्त पुन्हा घट्ट करायचं इंजेक्शन सलाइनमधून सुरू झालं, आणि काकांना खाटेवरून पाय खाली ठेवायचा नाही अशी ताकीद मिळाली. ट्रक ड्रायव्हरचा पाय सुजला होता, त्याला उलट रक्त पातळ करायच्या सुया सुरू झाल्या. तो वल्लरीकडे बघून हसला, कारण त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. ते हसू तिला सहन झालं नाही.

"ये सब लिखकर देंगी?" डॉ. जसलीन म्हणाल्या.

"दूँगी."

दुपारपासून दुसऱ्यांदा तिनं पेनाचं टोपण काढलं. या वेळी तिनं सगळं लिहिलं. पाच, चिठ्ठी, "तिसऱ्याप्रमाणेच", शनिवार. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं नाव घातलं नाही. हॉलचा नियम होता आणि त्याची गरजही नव्हती. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. मग गुरनूर सिंगांना निरोप पाठवला: लाल माझ्या रकान्यात टाका, तुमची सही खोडा, चूक माझी आहे. थोड्या वेळानं त्यांचं उत्तर आलं: "आपका काका कैसा है?" काकांबद्दल ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. पिशवीतून फोन काढताना ती मराठीत "काका, काका" म्हणत होती, ते त्यांनी ऐकलं असावं, आणि पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा.

धोका त्या रात्रीचा होता. दर तासाला सिस्टर यायची, काकांना नाव, वार, तारीख विचारायची आणि दोन्ही हात वर करायला लावायची. हात वर गेले की काकू आणि वल्लरी दोघी एकदमच श्वास सोडत. एकदा डावा हात जरा सावकाश उठला तेव्हा वल्लरी ताडकन उठून उभी राहिली. सलाइनची नळी अडकली होती. काकूंना तिनं संध्याकाळीच सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी डब्यातल्या चपात्या तिच्यापुढं ठेवल्या नव्हत्या, तीन वर्षांत पहिल्यांदा. पहाटे कधीतरी त्यांनी स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली.

सकाळी नऊला आकडा आला. अडीच. डॉ. जसलीन कागद बघून म्हणाल्या, "अब ठीक है," आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. ड्रायव्हरच्या पायाची सूज वाढली नव्हती. बाकीच्या सहा जणांचं थोडक्यात निभावलं होतं.

परीक्षित सरांचा मेल रात्रीच येऊन पडला होता. उद्यापासून येऊ नकोस, लॅपटॉप जमा कर. डॉ. जसलीननी त्यांना फोन लावून सांगितलं की दुरुस्ती याच मुलीच्या हातून होईल, माझ्यासमोर, आणि लॅपटॉप त्यानंतर जमा होईल.

दुरुस्ती तशी काहीच नव्हती. फाइल हातानं लिहिलेल्या कागदावरून पुन्हा लिहिली, दोघींनी दोनदा वाचली. नव्वद हा आकडा घातला. मग औषधांच्या खोलीतल्या संगणकाला किल्ली घ्यायला लावली आणि हॉस्पिटलच्या तळघरात सर्व्हरपाशी उभ्या माणसाला फोनवर सांगितलं, "निकालो." वायर निघाली, परत लागली. नर्सांच्या टेबलावरचा पडदा काळा झाला, उजळला, आणि थांबला. वल्लरी त्यासमोर हात मांडीत घेऊन बसली.

काका खाटेवरून बघत होते. हिरडीचं रक्त थांबलं होतं. कालपासून ते तिच्याशी फारसं बोलले नव्हते. काकूंनी त्यांना सांगितलं होतं.

"काय पाहून राहिली?" त्यांनी विचारलं.

"थांबायचं आहे, काका. सगळे संगणक उत्तर देईपर्यंत."

"किती वेळ?"

"दीड मिनिट."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. वल्लरीही घड्याळाकडेच बघत होती. बाविसाव्या सेकंदाला खालच्या संगणकानं हात वर केला, किल्ली माझ्याकडे आहे. तरी ती उठली नाही. काटा पूर्ण फिरला आणि अर्ध्यावर आला. सिस्टर येऊन उभी राहिली. मग फाइल उघडली, तेरापुढं दोन, चौदापुढं दहा.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं?"

ते रागावून म्हणाले नव्हते. वर्गातला हुशार पोरगा सोप्या बेरजेत का चुकला, हे समजून घ्यावं तसं विचारत होते.

"एवढंच होतं, काका," वल्लरी म्हणाली, आणि कालपासून अडकलेलं रडू तिला तिथं, सगळ्यांसमोर आलं.